विश्लेषण : दुकानात शिरण्यासाठीच वर्षाला ६५ डॉलर? ‘कॉस्टको’चे कार्ड कोणाला परवडते, कोणाला नाही?

ऑगस्टच्या अखेरीस अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठे सुरू होतात. पुण्या-मुंबईहून, नाशिक-नागपूरहून नुकत्याच तिथे पोहोचलेल्या मुलामुलींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर खोलीचे भाडे, सिमकार्ड आणि बसपासच्या पाठोपाठ एक प्रश्न हमखास येतो : कॉस्टकोचे कार्ड काढायचे का? वीस वर्षे तिथे राहिलेल्या काका-मावशींचे उत्तर ठरलेले असते, ‘काढून टाक, पैसे वसूल होतात.’ एखादा सीनियर मात्र म्हणतो, ‘गाडी नसेल तर भानगडीत पडू नकोस.’ गंमत अशी की दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

सामान विकत घेण्याआधी दुकानालाच पैसे द्यायचे, ही कल्पना आपल्याकडे पचायला जड जाते. ग्रंथालयाची वर्गणी समजते, जिमची फी समजते. पण डाळ-तांदूळ घ्यायला वर्गणी? डी-मार्टच्या दारात कोणी कार्ड विचारत नाही. कॉस्टकोत विचारतात, आणि त्या कार्डासाठी वर्षाला ६५ डॉलर, म्हणजे साधारण साडेपाच ते सहा हजार रुपये मोजावे लागतात. शैक्षणिक कर्जावर शिकणाऱ्या मुलासाठी ही रक्कम किरकोळ नाही. चौघांच्या कुटुंबासाठी मात्र तीच रक्कम वर्षअखेरीस आठवतही नाही.

वर्गणीवाल्या दुकानांची सुरुवात कुठे झाली?

या दुकानांना अमेरिकेत ‘वेअरहाऊस क्लब’ म्हणतात. सोल प्राइस या व्यावसायिकाने १९७६ मध्ये सॅन डिएगोत विमानाच्या एका जुन्या हँगरमध्ये ‘प्राइस क्लब’ सुरू केले. आधी तिथे फक्त छोट्या व्यावसायिकांना प्रवेश होता, नंतर इतरांनाही सदस्य करून घेतले गेले. प्राइस यांच्याच हाताखाली तयार झालेले जिम सिनेगल आणि त्यांचे भागीदार जेफ ब्रॉटमन यांनी १९८३ मध्ये सिएटलला पहिले कॉस्टको उघडले. त्याच वर्षी वॉलमार्टवाल्या सॅम वॉल्टन यांनी ‘सॅम्स क्लब’ काढले. पुढे १९९३ मध्ये प्राइस क्लब आणि कॉस्टको एकत्र आले.

आज या बाजारात तीन मोठी नावे आहेत. कॉस्टकोने १ सप्टेंबर २०२४ पासून साध्या कार्डाचे शुल्क ६० वरून ६५ डॉलर आणि ‘एक्झिक्युटिव्ह’ कार्डाचे १२० वरून १३० डॉलर केले. त्याआधीची वाढ २०१७ मधली होती. सॅम्स क्लबने ऑक्टोबर २०२२ मध्ये आपले दर ५० आणि ११० डॉलरवर नेले. पूर्व किनाऱ्यावर जास्त दिसणाऱ्या ‘बीजेज’ने जानेवारी २०२५ पासून ६० आणि १२० डॉलर घ्यायला सुरुवात केली.

दुकान कमावते कशातून?

कार्ड घ्यावे की नाही हे ठरवण्याआधी दुकानाचा ताळेबंद पाहिलेला बरा. २०२४ च्या आर्थिक वर्षात कॉस्टकोची विक्री सुमारे २५० अब्ज डॉलरची होती. सदस्यशुल्कातून आले जेमतेम ४.८ अब्ज. विक्रीच्या तुलनेत हा आकडा दोन टक्केही भरत नाही. पण त्याच वर्षी कंपनीचा व्याज-कर वजा होण्यापूर्वीचा धंद्यातला नफा सुमारे ९.३ अब्ज डॉलर होता. म्हणजे त्यातला निम्म्याहून थोडा जास्त भाग एकट्या शुल्काएवढा आहे, कारण कार्ड छापायला आणि नोंद ठेवायला फारसा खर्च येत नाही.

याचा ग्राहकाच्या बाजूने अर्थ असा की दुकानाला प्रत्येक वस्तूवर भरपूर नफा काढण्याची गरज उरत नाही. बाहेरच्या ब्रँडच्या वस्तूवर खरेदी किमतीच्या साधारण १४ टक्के आणि ‘कर्कलँड सिग्नेचर’ या घरच्या ब्रँडवर १५ टक्क्यांच्या वर भाव लावायचा नाही, हा कॉस्टकोचा जुना दंडक सांगितला जातो. मालही मोजकाच ठेवतात. मोठ्या सुपरमार्केटमध्ये तीसेक हजार प्रकारच्या वस्तू असतात, इथे चार हजारांपेक्षा कमी. टोमॅटो केचपचे दहा ब्रँड नाहीत, एक किंवा दोन. त्यामुळे कंपनी त्या एका ब्रँडकडून प्रचंड माल उचलते आणि भाव पाडून घेते. माल ज्या लाकडी पॅलेटवर ट्रकमधून येतो, त्याच पॅलेटवर दुकानात मांडला जातो. मांडणीचा खर्च वाचतो. दुकानांमध्ये क्रेडिट कार्डही फक्त व्हिसाचे चालते. तिथेही काही पैसे वाचवलेले आहेत.

थोडक्यात, दुकानाला तुमची वर्गणी हवी असते आणि ती दरवर्षी हवी असते. अमेरिका-कॅनडातले दहापैकी नऊहून अधिक सदस्य ती पुन्हा भरतातही. अर्थात पुन्हा भरली म्हणजे वसूल झाली, असे नाही. सवयीनेही भरली जाते.

हिशेब मांडायचा कसा?

साध्या कार्डाचे गणित सातवीतल्या शेकडेवारीचे आहे. समजा, बाहेर १०० डॉलरला मिळणारे सामान इथे ८५ ला पडते. मग ६५ डॉलर वसूल व्हायला वर्षभरात बाहेरच्या भावाने सुमारे ४३३ डॉलरचे, म्हणजे महिन्याला ३६ डॉलरचे सामान इथून घ्यावे लागेल. हे काही अवघड नाही. एका फेरीतही होते. म्हणूनच ‘वसूल होतात’ असे सगळे छातीठोकपणे सांगतात.

पण त्या १५ टक्क्यांमध्ये मेख आहे. तुलना कशाशी करायची? जो माणूस एरवी महागड्या सुपरमार्केटमधून घेतो, त्याला फरक मोठा दिसेल. जो ‘आल्डी’सारख्या बिनवर्गणीच्या स्वस्त दुकानातून किंवा वॉलमार्टमधून घेतो, त्याला तोच फरक पाच टक्क्यांवर आलेला दिसेल, काही वस्तूंत उलटाही. पाच टक्के धरले तर वसुलीसाठी वर्षाला १,३०० डॉलरचे सामान लागते, महिन्याला १०८ चे. एकट्या विद्यार्थ्याचे महिन्याचे वाणसामान बरेचदा यापेक्षा फार जास्त नसते, आणि त्यातलेही सगळे इथे मिळत नाही.

तुलना नेहमी एका मापाने करावी. पाकिटावरची किंमत पाहून उपयोग नाही, भावपट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेला प्रति पौंड किंवा प्रति औंस दर पाहायचा. (एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, त्याचे १६ औंस.) कपडे धुण्याच्या साबणाला किती धुण्यांना पुरतो ते, आणि कागदी रुमालांना किती कागद ते. कॉस्टको उत्पादक कंपन्यांची कूपने घेत नाही, हेही लक्षात ठेवावे. नेहमीच्या सुपरमार्केटमध्ये सेल आणि कूपन एकत्र आले की एखादी वस्तू कॉस्टकोपेक्षा स्वस्त पडते.

पेट्रोलने वसूल होते म्हणतात, ते खरे आहे?

बहुतेक वेळा हो. अनेक कुटुंबांच्या बाबतीत खरी वसुली दुकानात होत नाही, बाहेरच्या पंपावर होते. कॉस्टकोचा पंप सदस्यांसाठीच असतो आणि तिथला दर आजूबाजूच्या पंपांपेक्षा सहसा कमी असतो. गॅलनला २० सेंट कमी धरू. एडिसन किंवा सॅन होजेसारख्या ठिकाणच्या घरात दोन गाड्या, प्रत्येकीत महिन्यातून तीनदा १२ गॅलन. महिन्याचे झाले ७२ गॅलन, वाचले १४ डॉलर ४० सेंट. साडेचार महिन्यांत वर्गणी फिटली, पुढचे सगळे वरकड.

फक्त पंप रोजच्या वाटेवर हवा. जाऊन-येऊन ३० मैल पडत असतील आणि गाडी गॅलनला ३० मैल देत असेल, तर प्रत्येक फेरीला एक गॅलन जळते. महिन्याला दोन फेऱ्या, गॅलन तीन डॉलरने धरले तरी वर्षाला ७२ डॉलर. वर्गणीपेक्षा वाटखर्च जास्त! त्यात शनिवारी दुपारी पंपासमोर लागणाऱ्या रांगेत इंजिन चालू ठेवून घालवलेली वीस मिनिटे धरलेली नाहीत.

घरात काय संपते, काय सडते?

हा या हिशेबातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. समजा, बाहेर पालक पौंडाला चार डॉलर आहे आणि इथे चार पौंडांचा गठ्ठा १२ डॉलरला, म्हणजे तीन डॉलर पौंड. २५ टक्के स्वस्त. पण त्यातला एक पौंड फ्रिजमध्ये काळा पडून कचऱ्यात गेला, तर खाल्लेला तीन पौंड पालक १२ डॉलरला पडला. म्हणजे पुन्हा चार डॉलर पौंड. नियम सोपा आहे : जितके टक्के स्वस्त, तितके टक्के वाया गेले की बचत शून्य. त्याहून जास्त फेकले तर तोटा.

म्हणून टिकणारे आणि नासणारे यांचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. मराठी घरांत कॉस्टकोतून काय येते हे पाहिले तर बायकांनी आणि आता पुरुषांनीही हा हिशेब कधीच करून ठेवलेला दिसतो. बिनमिठाचे लोणी आणून घरी तूप कढवणे हा अमेरिकेतल्या असंख्य घरांतला ठरलेला कार्यक्रम आहे. बदाम, काजू, अक्रोड, बासमतीची मोठी पोती, स्वयंपाकाचे तेल, साबण, टिश्यू, डायपर ही सगळी टिकणारी किंवा हमखास संपणारी मंडळी. बदामाचे तीन पौंडांचे पाकीट हवाबंद डब्यात किंवा फ्रिजमध्ये सहज टिकते. दूध-अंडी घरात मुले असतील तरच. कणिक, तूरडाळ, पोहे, कढीपत्ता यासाठी मात्र पटेल ब्रदर्ससारखे देशी दुकान सुटत नाही. म्हणजे कॉस्टकोची फेरी ही दुसऱ्या दुकानाच्या फेरीला पर्याय नसते, बहुतेकदा ती जास्तीची फेरी असते.

जागेचाही प्रश्न आहे. तळघर असलेल्या घरात तीस टिश्यू रोल कुठेही मावतात. तिघांनी मिळून घेतलेल्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये तेच रोल पलंगाखाली जातात.

मोठी खरेदी असेल त्या वर्षी चित्र बदलते. गाडीचे चार टायर, चष्मा, टीव्ही, लॅपटॉप यातली एखादी वस्तू घ्यायचीच असेल तर एकाच खरेदीत वर्गणी निघू शकते. माल परत घेण्याचे धोरणही सैल आहे. बहुतेक वस्तूंना मुदत नाही, टीव्ही-संगणकासारख्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंना ९० दिवस. डोळे तपासून घेणे किंवा औषधे घेणे यासाठी मात्र कार्ड लागेलच असे नाही. अमेरिकेत कॉस्टकोच्या फार्मसीतून डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे सदस्य नसलेल्यालाही घेता येतात. ही गोष्ट अनेक जुन्या सदस्यांनाही ठाऊक नसते.

न ठरवलेल्या खरेदीचे काय?

कॉस्टकोत कुठल्या रांगेत काय आहे हे सांगणाऱ्या पाट्या लावलेल्या नसतात. हे मुद्दाम आहे. अंडी घ्यायला आलेला माणूस सगळ्या दुकानातून फिरला पाहिजे. दारात महागडे टीव्ही, मध्ये कपडे, पुस्तके, तंबू, हिवाळ्यातली जाकिटे, आणि दूध-अंडी पार मागच्या भिंतीला. काही वस्तू आज आहेत, पुढच्या आठवड्यात नसतील, त्यामुळे ‘आत्ताच घेऊ’ ही घाई. बाहेर पडताना दीड डॉलरचा हॉटडॉग आणि पेय. हा भाव १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बदललेला नाही. शाकाहारी मंडळी पिझ्झाच्या रांगेत असतात.

महिन्याला एकच २५ डॉलरची न ठरवलेली वस्तू कार्टमध्ये पडली तर वर्षाला ३०० डॉलर होतात. पेट्रोलवर जे वाचले ते इथे गेले. वर्गणी भरलेलीच आहे तर जाऊन येऊ, ही भावना त्यात भर घालते. वर्षाच्या हिशेबात वर्गणीइतकीच ही रक्कमही लिहायला हवी. कॉस्टकोच्या ॲपमध्ये जुन्या पावत्या दिसतात, त्यामुळे हे काम अर्ध्या तासाचे आहे. तिथला आकडा पाहून बरेच जण गप्प होतात.

१३० डॉलरचे कार्ड कधी घ्यावे?

एक्झिक्युटिव्ह कार्डावर पात्र खरेदीच्या दोन टक्के रक्कम वर्षअखेरीस परत मिळते, कमाल १,२५० डॉलर. साध्या कार्डापेक्षा ६५ डॉलर जास्त जातात, म्हणजे ते जास्तीचे पैसे निघायला वर्षाला ३,२५० डॉलरची खरेदी हवी. महिन्याला साधारण २७१. पूर्ण १३० डॉलर फुकट पडायचे असतील तर ६,५०० डॉलर, महिन्याला ५४२.

इथे एक चूक सर्रास होते. पेट्रोल आणि फूड कोर्टवरचा खर्च या दोन टक्क्यांत धरला जात नाही. महिन्याला ३०० डॉलर कॉस्टकोत जातात असे म्हणणाऱ्याचे त्यातले ९० पेट्रोलचे असतील, तर पात्र खरेदी २१० चीच. त्याने साधेच कार्ड घ्यावे. २०२५ च्या उन्हाळ्यापासून या सदस्यांना सकाळी इतरांआधी प्रवेश आणि ‘इन्स्टाकार्ट’वरून मागवलेल्या १५० डॉलरच्या वरच्या ऑर्डरवर महिन्याला १० डॉलरची सूट मिळू लागली. घरपोच मागवण्याची आधीपासून सवय असेल तर ही सूट मोलाची. सूट मिळते म्हणून मागवायला लागलात तर पुन्हा तेच. कॉस्टकोचे जवळपास निम्मे सदस्य हे महागडे कार्ड बाळगतात आणि विक्रीचा सुमारे तीन चतुर्थांश भाग त्यांच्याकडून येतो. म्हणजे हे कार्ड भरभरून घेणाऱ्यांसाठीच आहे, एवढे त्यातून कळते.

गाडी नसलेल्या विद्यार्थ्याने काय करावे?

एकट्याने असेल तर बहुधा घेऊ नये. बसने ४० पौंड सामान आणणे हे दोनदाच जमते. इन्स्टाकार्टवरून बऱ्याच ठिकाणी सदस्य नसतानाही कॉस्टकोचा माल मागवता येतो, पण भाव चढे असतात, वर डिलिव्हरी आणि टिप.

तिघे-चौघे एकत्र राहात असतील आणि एकाकडे गाडी असेल तर गणित जुळते. एका सदस्यत्वावर त्याच पत्त्यावर राहणाऱ्या आणखी एका व्यक्तीला मोफत कार्ड मिळते. वर्गणी चौघांत वाटली तर डोक्यावर १६ डॉलर २५ सेंट येतात. मोठे पाकीटही चौघांत संपते, सडत नाही. मित्राचे कार्ड दाखवून आत जाण्याची जुनी युक्ती मात्र आता अवघड झाली आहे. २०२४ पासून कॉस्टकोने दारातच कार्ड स्कॅन करणारी यंत्रे बसवायला सुरुवात केली आणि कार्डावर फोटो असतो. सदस्यासोबत पाहुणे म्हणून दोघांना जाता येते, बिल सदस्यानेच भरायचे. सदस्याने विकत घेऊन दिलेले ‘शॉप कार्ड’ म्हणजे भेटकार्ड असेल तर सदस्य नसलेल्यालाही खरेदी करता येते, तो नियमातला मार्ग आहे.

भारतात अशी दुकाने का नाहीत?

कॉस्टकोचे भारतात दुकान नाही. जर्मनीची ‘मेट्रो कॅश अँड कॅरी’ २००३ मध्ये बंगळूरुला आली, वॉलमार्टच्या भागीदारीतले पहिले ‘बेस्ट प्राइस’ २००९ मध्ये अमृतसरला उघडले. पण परदेशी गुंतवणुकीच्या नियमांमुळे त्यांना घाऊक व्यापारच करता येत होता. त्यांचे कार्ड दुकानदार, हॉटेलवाले यांना मिळे, आणि ते मोफत असे. पुढे बेस्ट प्राइस फ्लिपकार्टकडे गेले, मेट्रोचा भारतातला व्यवसाय २०२३ मध्ये रिलायन्स रिटेलने २,८५० कोटी रुपयांना घेतला. कोपऱ्यावरचा वाणी अर्धा किलो साखर फोनवर घरपोच देतो, आणि महिन्याच्या सामानासाठी डी-मार्ट आहे. दोन्हीकडे वर्गणी शून्य. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे वर्षाला १,४९९ रुपयांचे ॲमेझॉन प्राइम. तिथेही डिलिव्हरीचे वाचलेले पैसे आणि सहज दाबली गेलेली बटणे असे दोन रकाने करून पाहता येतील.

नको वाटले तर?

कॉस्टकोचे सदस्यत्व पसंत पडले नाही तर कधीही रद्द करता येते आणि चालू वर्षाचे शुल्क परत मिळते. त्यामुळे काढून पाहण्यात धोका कमी. धोका असतो तो विसरण्याचा. नोंदणी करताना शुल्क आपोआप भरण्याचा पर्याय निवडला असेल तर पुढच्या वर्षी रक्कम परस्पर कापली जाते. हिशेब करायचा असेल तर मुदत संपण्याच्या महिनाभर आधी करावा. भरायचेच आहे पण थोडे थांबून, असा विचार असेल तर नियम असा : मुदत संपल्यापासून दोन महिन्यांच्या आत नूतनीकरण केले तर नवे वर्ष जुन्या तारखेपासूनच मोजतात, म्हणजे मधले आठवडे वाया जातात. दोन महिने उलटल्यावर केले तर भरल्या दिवसापासून पूर्ण १२ महिने मिळतात.